बुरुजावरची पांढरी बाई

1649-50 चा हिवाळा. क्रॉमवेलचं सैन्य आयर्लंडमधलं एकेक गाव घेत चाललं होतं आणि राजाच्या बाजूची माणसं जीव वाचवत पश्चिमेकडे सरकत होती. रिचर्ड फॅन्शॉ आणि त्याची पत्नी ॲन हे इंग्रज जोडपं त्यांतलंच. गॅलवे बंदरात जहाज गाठायला निघालेल्या या दोघांना वाटेत लेडी ऑनर ओब्रायन या सरदारकन्येनं आपल्याकडे उतरवून घेतलं. पहिल्याच रात्री एकच्या सुमारास कुणाच्या तरी आवाजानं ॲनला जाग आली. तिनं पलंगाचा पडदा सारला. चांदण्यात खिडकीतून आत वाकलेली एक बाई दिसली. पांढरे कपडे, तांबडे केस, चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नाही. ॲननं कधी ऐकला नव्हता अशा सुरात ती तीनदा काहीतरी बोलली, वारा सुटावा तसा सुस्कारा टाकला आणि नाहीशी झाली. ॲननं नवऱ्याला ओढून, चिमटे काढून उठवलं. उरलेली रात्र दोघांनी जागून काढली.

पहाटे पाचला लेडी ऑनर आली. रात्रभर तिचाही डोळ्याला डोळा लागला नव्हता. तिचा एक चुलतभाऊ त्याच घरात दोन वाजता वारला होता. पाहुण्यांना काही त्रास तर झाला नाही ना, असं विचारून तिनं सांगितलं, की या घराण्यातलं कुणी मरणार असेल, तर तो जीव जाईपर्यंत रोज रात्री या खिडकीत एक बाई दिसते. फार पूर्वी घराच्या मालकापासून तिला दिवस गेले होते. त्यानं तिला बागेत मारलं आणि खिडकीखालच्या नदीत फेकून दिलं. घरातली सगळ्यांत चांगली खोली म्हणून तुम्हाला ही दिली, तेव्हा हे ध्यानातच आलं नाही, असंही ती म्हणाली. फॅन्शॉ दांपत्यानं लवकरच तिथून मुक्काम हलवला.

ॲननं ही हकीकत 1676 मध्ये आपल्या मुलासाठी लिहिलेल्या आठवणींत नोंदवली. त्या आठवणी छापून आल्या 1829 मध्ये. भुताच्या गोष्टी बहुधा सांगोवांगीच्या असतात. इथं मात्र बघणारी बाई स्वतः लिहिते आहे, आणि तिच्या त्या दोन पानांत ब्रिटन-आयर्लंडमधल्या जवळजवळ प्रत्येक ‘पांढऱ्या बाई’ची गोष्ट दडलेली आहे. पांढरं वस्त्र आहे, एक ठरलेली जागा आहे, मरणाची पूर्वसूचना आहे आणि तळाशी एका बाईवर झालेला, कुठल्याच दफ्तरात न नोंदला गेलेला अन्याय आहे. मालकाच्या वंशावळी असतात, वाड्याचा इतिहास असतो. नदीत फेकलेल्या त्या मुलीचं नाव लेडी ऑनरनं सांगितलं नाही. बहुधा तेव्हाही ते कुणाला ठाऊक नव्हतं.

अशा बाया त्या बेटांवर जागोजागी आहेत. इंग्लंडात पडक्या किल्ल्यांत आणि चर्चच्या आवारात त्या दिसतात. वेल्समध्ये ‘लाडी वेन’ म्हणून पुलांवर आणि गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहतात. स्कॉटलंडच्या गढ्यांत पांढरीबरोबर हिरवी आणि करडीही असते. तिथल्या फायवी किल्ल्यातली लिलियस ड्रमंड हिरव्यांमधली. तिचा मृत्यू 1601 सालचा. पण लोकांच्या मनात सगळ्यांत खोल रुतली ती पांढरी.

तिची आज वारंवार सांगितली जाणारी एक गोष्ट आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर किन्सेल इथली. किन्सेल बंदराच्या तोंडाशी चार्ल्स फोर्ट हा ताऱ्याच्या आकाराचा भक्कम सागरी किल्ला आहे. 1670 च्या दशकाअखेरीस त्याचं बांधकाम सुरू झालं आणि दुसऱ्या चार्ल्स राजाचं नाव त्याला मिळालं. 1690 मध्ये सेनापती मार्लबरोच्या फौजेपुढे तो तेरा दिवस तग धरून होता. पुढं 1922 पर्यंत तिथं ब्रिटिश पलटणी राहत असत.

गोष्ट अशी. किल्लेदार कर्नल वॉरेंडर कडक शिस्तीचा माणूस. त्याच्या मुलीचं सर ट्रेव्हर ॲशर्स्ट याच्याशी लग्न लागलं आणि त्याच संध्याकाळी नवरा-नवरी तटावरून फिरायला निघाली. खाली खडकांत पांढरी फुलं उमललेली पाहून नवरी हरखली. पहाऱ्यावरचा शिपाई म्हणाला, मी उतरून आणतो, पण तोवर माझ्या जागी कुणीतरी उभं राहायला हवं. ट्रेव्हरनं शिपायाचा कोट चढवला, बंदूक घेतली आणि नवरीला आत पाठवलं. शिपायाला यायला वेळ लागला. दिवसभराच्या दगदगीनं दमलेल्या ट्रेव्हरला उभ्याउभ्याच झोप लागली. रात्री गस्तीवर आलेल्या कर्नलनं हाक मारली, ओ मिळाली नाही. पहाऱ्यावर झोपणाऱ्याला एकच शिक्षा होती. त्यानं जागच्या जागी गोळी घातली आणि मग चेहरा पाहिला. मुलीला कळलं तेव्हा ती तटाकडे धावली आणि खाली झोकून दिलं. बापानंही त्याच रात्री जीव दिला, असं सांगतात.

गोष्ट घडीव आहे, हे लगेच जाणवतं. फुलं, अदलाबदल, शिस्तीचा बळी, एका रात्रीत तीन मृत्यू हा सगळा रंगमंचाचा साज. पण किल्ल्यात राहणारे लोक जे सांगत होते, ते याहून फार साधं आणि म्हणून जास्त विश्वासाचं वाटतं. 1820 च्या सुमाराची एका अधिकाऱ्याची साक्ष आहे. उन्हाळ्यातल्या संध्याकाळी तो दारात उभा असताना एक बाई आत आली आणि जिना चढू लागली. त्याला आधी वाटलं, कुणा अधिकाऱ्याची बायको असेल. मग ध्यानात आलं, की तिचा पोशाख पांढरा आहे आणि फार जुन्या तऱ्हेचा आहे. तो मागोमाग वर गेला, तर खोली रिकामी. तिथं ना फुलं, ना गोळी, ना नवरी. फक्त जुन्या तऱ्हेचा पांढरा पोशाख.

आजचा पर्यटक तो पोशाख ऐकताच लग्नाचा समजतो. इथं इतिहास थोडा अडवतो. सतराव्या शतकातल्या ब्रिटन-आयर्लंडमध्ये नवरीनं पांढरंच नेसावं अशी रीत नव्हती. असेल त्यातला चांगला झगा ती घाले, मग तो निळा असो की तपकिरी. 10 फेब्रुवारी 1840 रोजी व्हिक्टोरिया राणीनं आपल्या लग्नात पांढरा झगा घातला आणि त्यानंतर पांढरी नवरी ही कल्पना हळूहळू घराघरांत रुजली. पांढऱ्या बायांच्या कथा त्याच्या कितीतरी आधीच्या. म्हणजे त्यांच्या अंगावरचं पांढरं दुसरीकडून आलेलं आहे.

ते आलं कफनातून.

लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये कवी आणि धर्मोपदेशक जॉन डन याचा संगमरवरी पुतळा आहे. 1631 मध्ये मरणाआधी थोडे दिवस डननं स्वतःला कफनात गुंडाळून घेऊन चित्रासाठी उभं राहणं पसंत केलं. त्या चित्रावरून निकोलस स्टोननं पुतळा घडवला आणि 1666 च्या भीषण आगीतूनही तो वाचला. डोक्यावर गाठ मारलेलं, चेहऱ्यापुरतं उघडं ठेवलेलं ते कापड पाहिलं, की त्या काळच्या माणसाला मेलेलं माणूस कसं दिसत असे याचा अंदाज येतो. गरिबाच्या वाट्याला तर शवपेटीही येत नसे. गावच्या चर्चची एक सामाईक पेटी असे. तीतून मृतदेह खड्ड्यापर्यंत न्यायचा, कफनासह मातीत ठेवायचा आणि पेटी परत आणायची. लोकांच्या डोळ्यांसमोर शेवटचं उरे ते पांढरं कापड.

मग कायदाही त्यात उतरला. इंग्लंडच्या लोकर धंद्याला हात द्यावा म्हणून 1666 पासून संसदेनं कायदे केले, की मृताला फक्त लोकरीच्या कापडातच पुरलं पाहिजे. पुरल्यापासून आठ दिवसांत नातेवाइकांनी तसं प्रतिज्ञापत्र द्यायचं, नाहीतर पाच पौंड दंड. त्या काळी ही रक्कम मोठी होती. कायदा रद्द व्हायला 1814 साल उजाडलं. जवळजवळ दीडशे वर्षं एका अख्ख्या देशाची भुतं, असं म्हणायला हरकत नाही, सरकारी नियमानं ठरलेल्या वस्त्रात पुरली गेली.

1787 मध्ये फ्रान्सिस ग्रोस या पुराणवस्तूंच्या अभ्यासकानं गावोगावच्या समजुती गोळा करून छापल्या. त्यात तो सांगतो, की भूत बहुधा जिवंतपणीच्याच कपड्यांत दिसतं. पांढऱ्यात दिसतात ती मुख्यतः कब्रस्तानातली, विशेष काही काम नसलेली. ही नोंद महत्त्वाची आहे. म्हणजे ओळखीचं माणूस आपल्या रोजच्या कोटात परत येई. ज्याची ओळख पुसली गेली, तो कफनात येई. पांढऱ्या बाईला नाव का नसतं, याचं उत्तर ग्रोसच्या या साध्या निरीक्षणात बरंचसं मिळतं.

पांढऱ्याचा आणखी एक धागा अविवाहित मुलींशी जोडलेला आहे. इंग्लंडच्या काही गावांत लग्नाआधी मेलेल्या मुलीच्या अंत्ययात्रेत तिच्या मैत्रिणी पांढरे कपडे घालून चालत, आणि पांढऱ्या कागदी फुलांचा मुकुट नंतर चर्चमध्ये टांगला जाई. हॅम्पशरमधल्या ॲबट्स ॲन या गावच्या चर्चच्या भिंतीवर असे मुकुट अजूनही ओळीनं दिसतात. अठराव्या शतकात कुणी त्या दाराशी सायंकाळी उभं राहिलं असेल, तर पांढरं, तरुण आणि अकाली गेलेलं या तीन गोष्टी मनात एकत्र जुळायला वेगळं भूत दिसण्याची गरज नव्हती.

पांढऱ्या कपड्याची ही दहशत किती खरी होती, ते एका खुनानं दाखवून दिलं. 1803 च्या अखेरीस लंडनच्या पश्चिमेला हॅमरस्मिथ भागात भुताची आवई उठली. चर्चजवळच्या अंधाऱ्या गल्लीत पांढरी आकृती फिरते, असं लोक बोलू लागले. एका बाईला तिनं कवटाळलं आणि ती बाई भीतीनं अंथरुणाला खिळून वारली, अशीही बातमी पसरली. सोळा उतारू असलेली गाडी सोडून एक गाडीवान पळून गेला. अखेर गावातल्या काही तरुणांनी गस्त घालायला सुरुवात केली. 3 जानेवारी 1804 च्या रात्री अबकारी खात्यातला फ्रान्सिस स्मिथ बंदूक घेऊन ब्लॅक लायन लेनमध्ये उभा होता. समोरून पांढरी आकृती आली. त्यानं दरडावून विचारलं, आकृती थांबली नाही, त्यानं गोळी झाडली. पडला तो थॉमस मिलवुड हा गवंडी. त्याच्या धंद्यातल्या लोकांच्या रीतीप्रमाणे त्याचा सदरा, विजार, एप्रन सगळं पांढरं होतं. आधीही एकदा त्याला लोक भूत समजले होते, म्हणून वरून मोठा कोट घालत जा असं त्याच्या सासूनं त्याला बजावलं होतं.

दहा दिवसांत ओल्ड बेली न्यायालयात खटला उभा राहिला. ज्यूरीनं सदोष मनुष्यवधाचा निकाल दिला. न्यायाधीशांनी तो मान्य केला नाही: भूत समजून का होईना, माणूस मारला आहे, निकाल खुनाचा तरी द्या किंवा निर्दोष तरी म्हणा. ज्यूरीनं खून म्हटलं, फाशी सुनावली गेली आणि नंतर राजाच्या दयेनं ती एक वर्षाच्या सक्तमजुरीवर आली. खरं ‘भूत’ निघालं ते जॉन ग्रॅहम नावाचा म्हातारा चांभार. त्याच्या मुलांना दुकानातली उमेदवार पोरं भुताच्या गोष्टी सांगून घाबरवत, म्हणून त्यांना धडा शिकवायला तोच चादर पांघरून फिरत होता. मात्र चुकीच्या पण प्रामाणिक समजुतीनं स्वसंरक्षणासाठी बळ वापरलं तर दोष किती, हा हॅमरस्मिथनं उभा केलेला प्रश्न इंग्लंडच्या न्यायालयांत लोंबकळतच राहिला. 1983 मध्ये ग्लॅडस्टन विल्यम्स खटल्यात अपील न्यायालयानं तो आरोपीच्या बाजूनं सोडवला. एका गवंड्याच्या पांढऱ्या कपड्यांची किंमत कायद्याला कळायला 179 वर्षं लागली.

कफनाचा हा तर्क उलट्या बाजूनंही पडताळता येतो. 1880 च्या दशकात चेल्टनहॅम शहरातल्या एका घरात वारंवार दिसणाऱ्या बाईची तपशीलवार नोंद त्या घरातल्या एका तरुण मुलीनं ठेवली आणि 1892 मध्ये लंडनच्या सोसायटी फॉर सायकिकल रिसर्चनं ती टोपणनावानं छापली. ती बाई पांढऱ्या वस्त्रात नव्हती. विधवेच्या काळ्या पोशाखात होती, एका हातानं तोंडाशी रुमाल धरलेली. तोवर व्हिक्टोरिया राणीनं स्वतः वीस वर्षं काळं नेसून काढली होती आणि काळा हा दुःखाचा रंग साऱ्या देशाच्या डोळ्यांत ठसला होता. भूतही काळाप्रमाणे वस्त्र बदलतं, याचा इतका स्पष्ट दाखला दुसरा नाही.

पांढरं का, ते समजलं. बाईच का, हा प्रश्न जास्त अवघड आहे आणि जास्त महत्त्वाचाही.

वेल्सच्या दक्षिणेला सेंट ॲथन हे गाव आहे. तिथल्या चर्चमध्ये बर्करोल्स या सरदार घराण्याच्या समाध्या आहेत. गावात सांगतात, की धर्मयुद्धावरून परतलेल्या एका बर्करोल्सच्या कानावर बायकोच्या वागण्याबद्दल कुजबूज आली. त्यानं चौकशी केली नाही. शेतात खड्डा खणून तिला गळ्यापर्यंत पुरलं आणि अन्नपाणी कुणी द्यायचं नाही असा हुकूम सोडला. फक्त बहिणीला रोज सकाळी एकदा भेटायची परवानगी होती, रिकाम्या हातानं. बहीण पहाटे दवानं भिजलेल्या गवतातून आपल्या लांब झग्याचा घोळ ओढत येई आणि बहिणीच्या तोंडाजवळून फिरे. त्या ओल्या कापडातलं पाणी चोखून ती दहा दिवस जगली. ती निर्दोष होती हे नंतर कळलं, आणि नवरा वेडा झाला. पुढं कितीतरी वर्षं पहाटे धारा काढायला जाणाऱ्या बायका सांगत, की शेतात एका जागेभोवती एक पांढरी बाई फिरताना दिसते.

या गोष्टीत भूत घाबरवत नाही. ती कुणाचा सूडही घेत नाही. आणि ती कुणाला दिसते? पहाटे, त्याच दवातून चालणाऱ्या बायकांना. गोष्ट त्यांनीच जपली आहे, हे उघड आहे. बहिणीच्या झग्याचा घोळ ही कल्पना तटबंदीत बसलेल्या कुणा इतिहासकाराला सुचणारी नाही.

डेव्हनमधल्या बेरी पॉमरॉय किल्ल्यातली मार्गारेट पॉमरॉयही कोंडलेलीच. तिच्या सौंदर्याचा मत्सर करणाऱ्या बहिणीनं, एलिनॉरनं, तिला बुरुजाच्या तळघरात उपाशी मारलं अशी कथा. त्या बुरुजाचं नाव सेंट मार्गारेट टॉवर आहे. बुरुजावरून बाईला नाव मिळालं असण्याची शक्यता अधिक. तरीही कथेचा सांगाडा तोच राहतो: दगडी भिंत, बंद दार, आत एक बाई.

हे नुसतं कल्पनेचं भय नव्हतं. इंग्लंडच्या कायद्यात लग्नानंतर बाईचं स्वतंत्र अस्तित्व नवऱ्याच्या अस्तित्वात विरून जात असे. तिची मिळकत त्याची होई. 1882 च्या कायद्यानं ती तिला पूर्णपणे परत मिळाली. बायकोला घरात कोंडून ठेवण्याचा नवऱ्याला अधिकार आहे, असं तर त्यानंतरही मानलं जाई. 1891 मध्ये लँकशरमधल्या क्लिथेरो गावात एमिली जॅक्सन चर्चमधून बाहेर पडत असताना तिच्या नवऱ्यानं माणसं घेऊन तिला गाडीत घातलं आणि ब्लॅकबर्नच्या घरात डांबलं. खालच्या न्यायालयानं तिला सोडवायला नकार दिला. अपील न्यायालयानं मात्र स्पष्ट सांगितलं, की असा कुठलाही अधिकार नवऱ्याला नाही, आणि ती मोकळी झाली. बुरुजात कोंडलेल्या बायांच्या कथा ज्या शतकांत तोंडोतोंडी फिरल्या, त्या शतकांत नवऱ्यानं बायकोला कोंडणं हा गुन्हा मानलाच जात नव्हता. न्यायालयात मांडता न येणारी तक्रार गावानं बुरुजावर उभी केली, असं म्हटलं तर ते अतिशयोक्त होणार नाही.

फसवलेल्या बाईची कथा स्कॉटलंडच्या सीमेवर ॲलनबँक इथली. तिथला सरदार रॉबर्ट स्टुअर्ट तरुणपणी पॅरिसमध्ये जीन नावाच्या मुलीच्या प्रेमात पडला आणि एक दिवस तिला सोडून निघाला. तिनं गाडीच्या चाकावर पाय ठेवून अडवायचा प्रयत्न केला, गाडीवानानं घोडे हाकले, चाक तिच्या कपाळावरून गेलं. स्टुअर्ट घरी पोहोचला तेव्हा वेशीच्या कमानीवर ती बसलेली होती. तिच्या झग्याला लेस होती आणि लेसला तिकडे पर्लिन म्हणत, म्हणून ती पर्लिन जीन. पाद्री आले, मंत्र झाले, ती गेली नाही. घरात रेशमाची सळसळ आणि दारांची आपटाआपट चालूच राहिली. पण नोकरमाणसांना तिची सवय झाली, पुढंपुढं मायाही लागली. एकोणिसाव्या शतकात ते घर पाडायचं ठरलं, तेव्हा तिथं आयुष्य काढलेल्या म्हाताऱ्या मोलकरणीला काळजी पडली ती एकच, आता जीन बिचारी कुठं जाणार? स्टुअर्टची आठवण कुणी अशी काढल्याचं ऐकिवात नाही.

सगळ्याच पांढऱ्या बाया पीडित नाहीत. वेल्समधल्या ऑगमोर किल्ल्यात, जिथं नदीत पाय ठेवून पलीकडे जायचे जुने दगड अजून आहेत, तिथली लाडी वेन खजिना राखते. एका माणसानं धीर करून तिला काय हवं ते विचारलं. तिनं त्याला दगडाखालचा मोहरांचा हंडा दाखवला आणि अर्धा घे म्हणाली. तो दुसऱ्या रात्री उरलेला अर्धाही न्यायला आला. तेव्हा तिच्या बोटांना नख्या फुटल्या. तो कसाबसा घरी पोहोचला, झिजत गेला आणि मरताना कबुली देऊन गेला. ही बाई किल्ल्याहूनही जुनी असावी. झऱ्यांच्या, नद्यांच्या देवता ख्रिस्ती काळात अशा पांढऱ्या बायांच्या रूपानं उरल्या, असा तर्क एकोणिसाव्या शतकापासून मांडला जातो. त्याला लेखी पुरावा फारसा नाही, म्हणून तो तर्काच्याच जागी ठेवलेला बरा.

आयर्लंडची बॅन्शी या बायांची सख्खी नव्हे, पण जवळची नातलग. ॲन फॅन्शॉला खिडकीत दिसली ती काही अंशी बॅन्शीच. ‘ओ’ आणि ‘मॅक’ अशी नावं लावणाऱ्या जुन्या आयरिश घराण्यांच्या ती पाठीशी असते आणि घरात मृत्यू येणार असला, की रडते. दिसते क्वचित, ऐकू येते जास्त. पॅट्रिशिया लायसॅट या अभ्यासिकेनं 1986 च्या आपल्या ग्रंथात लोकांच्या तोंडच्या शेकडो हकिकती तपासल्या. त्यांतली बॅन्शी चित्रांतल्यासारखी तरुण नाही. ती लांब पांढऱ्या केसांची म्हातारी आहे आणि केस विंचरत बसते. म्हणूनच वाटेत पडलेली फणी आयर्लंडच्या खेड्यात कुणी उचलत नसे. उचलली, तर रात्री खिडकीशी ती मागायला येते. मग फणी हातानं नाही, चिमट्यानं बाहेर धरायची. दुसऱ्या दिवशी चिमटा वाकलेला दिसतो.

तिच्या रडण्यामागं जिवंत बायका आहेत. आयर्लंडमध्ये मयताच्या घरी शोक गाणाऱ्या बायका बोलावल्या जात. केस मोकळे सोडून, पुढंमागं झुलत, मेलेल्याचं नाव घेत त्या तालात विलाप करत. चर्चनं यावर पुन्हा पुन्हा बंदी घातली आणि एकोणिसाव्या-विसाव्या शतकांत ही चाल संपली. माणसांचा विलाप बंद झाला, अदृश्य बाईचा चालू राहिला. अंधारात प्रत्यक्ष काय ऐकू येत असेल, याचंही एक उत्तर आहे. तिकडचं पांढुरकं गव्हाणी घुबड पडक्या इमारतींत आणि चर्चच्या मनोऱ्यांत राहतं, आवाज न करता उडतं आणि कर्कश किंचाळतं. त्याच घुबडाचं भाईबंद आपल्याकडच्या जुन्या वाड्यांतही असतं.

साहित्यानं या बाईला उचललं ते वॉल्टर स्कॉटपासून. ‘द मॉनेस्टरी’ या 1820 च्या कादंबरीत त्यानं ॲव्हनेल घराण्याची राखण करणारी पांढरी बाई आणली. वाचकांना ती फारशी रुचली नाही. पॅरिसमध्ये मात्र स्कॉटच्याच कथाबीजांवर रचलेला ब्वाएल्दिअचा ‘ला दाम ब्लांश’ हा ऑपेरा 1825 मध्ये इतका गाजला, की लवकरच शहरात त्या नावाच्या घोडागाड्या धावू लागल्या. पुढं विल्की कॉलिन्सनं 1859-60 मध्ये डिकन्सच्या साप्ताहिकात ‘द वुमन इन व्हाइट’ क्रमशः लिहिली. लंडनच्या वाटेवर मध्यरात्री नायकाच्या खांद्यावर हात ठेवणारी पांढऱ्या कपड्यांतली ती बाई भूत नाही. ती वेड्यांच्या इस्पितळातून पळालेली, एका सरदाराचं गुपित ठाऊक असल्याचा संशय जिच्यावर आहे, अशी मुलगी आहे. कॉलिन्सला मूळ कथेचा गाभा बरोबर सापडला होता: पांढऱ्या बाईला घाबरू नका, तिला कुणी कोंडलं ते विचारा. त्या कादंबरीची सावली ‘वो कौन थी?’ या राज खोसला यांच्या 1964 च्या चित्रपटावर पडलेली अनेकांना दिसते. पावसाळी रात्री रस्त्यात उभी असलेली पांढऱ्या साडीतली साधना आणि तिच्यामागं रचलेला मिळकतीचा कट आठवला, तर ते नातं मराठी वाचकालाही पटेल.

आता या बायांना नवा धंदा मिळाला आहे. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये रात्रीच्या भूतसहली निघतात, किल्ल्यांच्या दुकानांत त्यांची पुस्तकं विकली जातात. त्यात वाईट काही नाही. जुन्या वास्तू त्यामुळं जगतात. पण किन्सेलच्या कर्नलची गोळी हजारदा सांगितली जाते आणि सेंट ॲथनच्या बहिणीचा भिजलेला झगा मागं पडतो, हे मात्र खटकतं. नाट्य जितकं वाढतं, तितकी ती मूळची बाई पुसट होत जाते. ॲन फॅन्शॉच्या खिडकीतल्या मुलीला तर धड गोष्टही मिळाली नाही, यजमानणीच्या तोंडची दोन वाक्यं मिळाली. तरी त्या दोन वाक्यांत मारणारा कोण, हे स्वच्छ सांगितलेलं आहे, आणि तेच या साऱ्या परंपरेचं मोल आहे.

ज्यांना या कथा सजावटीशिवाय वाचायच्या असतील, त्यांच्यासाठी आयर्लंडनं एक मोठं काम करून ठेवलं आहे. 1937 ते 1939 या काळात तिथल्या लोककथा आयोगानं सुमारे पाच हजार प्राथमिक शाळांमधल्या पन्नासेक हजार मुलांना घरच्या आणि शेजारच्या म्हाताऱ्यांकडून गोष्टी ऐकून वहीत उतरवायला सांगितल्या. त्या वह्यांची लाखो पानं आज ‘डूखस’ या संकेतस्थळावर मुलांच्या हस्ताक्षरात, विनामूल्य उपलब्ध आहेत आणि त्यांतली पुष्कळशी इंग्रजीत आहेत. पांढरी बाई, बॅन्शी, तिची फणी, सगळं तिथं गावाच्या नावानिशी मिळतं. भूतसहलीचं तिकीट काढण्याआधी ती पानं जरूर वाचावीत.